खिदिरपूर, जहाजं आणि तुम्ही

अहो,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी हॉलमध्ये तुमचा परिचय वाचून दाखवला. जन्म कुठला, आयटीआय कुठली, नोकरी कुठं, रिटायर कधी. वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता, माणसंही पुष्कळ जमली होती. मी मात्र तुमच्या फोटोकडं बघत मनात म्हणत होते, ह्या सगळ्यात तो माणूस कुठंय? हातातला चुडा नवा असतानाच मला वळसंगहून उचलून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला नेणारा, आणि हावडा स्टेशनाच्या बाहेर पाऊल टाकल्याबरोबर "घे, हे तुझं अंगण" म्हणून नदी दाखवणारा?

परिचयात तो माणूस नव्हता. म्हणून लिहायला बसलेय. सुजाता म्हणाली, आई, रडत बसण्यापेक्षा लिही. तिला काय माहीत, मला रडण्यापेक्षा हसूच जास्त यायलंय.

त्या दिवशी मी काय बोलले होते, आठवतंय? आमच्या वळसंगच्या विहिरीत उन्हाळ्यात घागर टेकवली की तळाचा दगड वाजायचा. अशा गावची मी पोर. समोर ते भुऱ्या रंगाचं, आकाशाएवढं पाणी, त्यावर लाँची, होड्या, धूर, भोंगे. मी तुमची बाही धरून विचारलं, "एवढं पाणी कुणाचं हाय?"

"सरकारचं," तुम्ही म्हणालात.

"आन् चाललंय कुटं?"

"समुद्राला."

"मग कुणी आडवत न्हाई व्हय?"

तुम्ही हसलात. संध्याकाळी मला खिदिरपूरच्या घाटावर नेलंत आणि पायरीवर बसवून म्हणालात, आता गप बघत बस. जलपर्णीचा एक हिरवा पुंजका समुद्राकडं वाहत चालला होता. तो हळूहळू मंदावला. थांबला. जागच्या जागी गिरकी घेतली, आणि आला तसा उलटा निघाला. सगळी नदीच उलटी फिरली होती.

"अगं बया! परत यायलंय की!"

माझ्या ओरडण्यानं घाटावरचे लोक वळून बघायला लागले. तुम्ही पोट धरून हसत होता. मग भरती म्हणजे काय ते सांगितलंत. समुद्र इथून फार लांब आहे, दिसत नाही, पण त्याचा हात इथपर्यंत पोचतो. मोठी जहाजं भरतीची वाट बघत खाली थांबतात आणि पाणी चढलं की वाटाड्या घेऊन नदीनं वर येतात. सगळं शहर समुद्राच्या वेळेवर चालतं. गेलेलं पाणी परत येतं, असं सांगणारा नवरा मला मिळाला. माझ्या मैत्रिणींना गेलेला टँकरसुद्धा परत येतो की नाही ह्याची खात्री नव्हती.

पहिल्या वर्षी मला भाषेनं रडवलं. आपल्या खोलीशेजारी मालतीबौदी राहायच्या. बौदी म्हणजे वहिनी, एवढं तुम्ही शिकवलं होतं. चाळीत नळ एकच. सकाळी त्या दारातून विचारायच्या, "जोल एशेछे?" पाणी आलं का?

मी आपली सोलापुरी. "आलंय की!"

बंगालीत 'की' म्हणजे 'काय'. त्यांना वाटायचं, मी काहीतरी विचारतेय. "की?"

"आलंय की!"

"आरे, की?"

"आवो, आलंय म्हनते की!"

तोवर नळ जायचा. तुम्ही दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून उंबऱ्यात बसून हसायचा, मधे पडायचा नाहीत. शेवटी बौदींनीच तोडगा काढला. त्यांनी रिकामी बादली वाजवली, मी भरलेली वाजवली. त्या बादल्यांवर आमची मैत्री जमली ती आजपर्यंत टिकली. मी त्यांना शेंगाचटणी दिली, त्यांनी मला इलिश माशातले काटे काढायला शिकवलं. तिखटानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी, काट्यांनी माझ्या. तुम्ही दोन्ही ताटं पुसून खायचा.

तुमच्या कामाची मला आधी भीतीच वाटायची. जहाजाच्या तळात दोन पत्र्यांच्या मधे पोकळी असते, माणूस रांगत जाईल एवढीच. तिथं पालथं पडून तुम्ही वेल्डिंग करायचा. कधी ठिणगीच्या उजेडानं डोळे भाजायचे, वाळू भरल्यासारखे खुपायचे. मग मी बटाट्याच्या चकत्या कापून तुमच्या पापण्यांवर ठेवायची. तसे आंधळे होऊन पडल्या पडल्या तुम्ही मला जहाज सांगायचा. आज अमुक पत्रा लागला, आज पोट मिटलं, आज कणा दिसायचा बंद झाला. मी एकदा म्हटलं, "बाळंतीण बाईबद्दल बोलावं तसं बोलताय." तर डोळ्यांवरचे बटाटे न हलवता म्हणालात, "तसंच असतंय ते."

ते खरं, हे मला विश्वकर्मापूजेला कळलं. त्या दिवशी जहाजं बांधायच्या यार्डाची दारं घरच्या माणसांना उघडी असायची. वर आभाळभर पतंग, खाली मशीनींना झेंडूचे हार. आपण बुद्धाची माणसं, पूजा करणारी नव्हेत, पण हत्याराला हात लावून मान झुकवायला तुम्हाला कधी अडचण वाटली नाही. "हत्यार म्हणजे भाकरी," म्हणायचा. सुजाताला खांद्यावर घेऊन तुम्ही आम्हाला जहाजाच्या बुडाखाली नेलंत. मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी कड दिसेना. तुम्ही पत्र्यावरून हात फिरवत एका सांध्यापाशी थांबलात.

"हा माझा."

मला तर सगळे सांधे सारखेच दिसत होते. "कशावरून?"

"तू तुझी भाकरी वळखतीस का न्हाई?"

मग त्याच जहाजाला पाण्यात सोडायचा दिवस आला. कुण्या मोठ्या साहेबांच्या बाईंनी नारळ फोडला. खालून पाचरी ठोकून काढल्याचे आवाज आले. मग काहीच झालं नाही. सगळे श्वास धरून उभे. एवढं लोखंड कशाला हलतंय, असं मनात येतंय तोच ते हललं. मागच्या अंगानं, अगदी सावकाश, लाजल्यासारखं. आणि मग सुटलंच. साखळ्यांचा गडगडाट, गंजाची लाल धूळ, आणि नदीनं दोन्ही हात पसरून ते उचलून घेतलं. लाट पलीकडच्या काठापर्यंत गेली.

वर्षभर एकमेकांना शिव्या देणारी ती माणसं त्या क्षणी आपापल्या आईच्या भाषेत ओरडली. बंगाली, बिहारी, उडिया, तेलुगू. त्या सगळ्या गोंधळात एक आवाज मी बरोबर ओळखला: "गेलं की! गेलं की रं!"

त्या दिवसापासून ते शहर माझं झालं. तुम्ही घेऊन गेला होता, पण ठेवून घेतलं त्या शहरानं. शेजारच्या मेटियाब्रुजच्या शिंप्यांची काजं-बटणं घरी आणून करायला लागले. ट्राममध्ये बायकांशी भांडायला लागले, तेही बंगालीत. पावसाळ्यात 'बान' येतो, म्हणजे समुद्राचं पाणी भिंतीसारखं उठून नदीत घुसतं. तो येताना घाटावर ओरडा उठला की मीही ओरडायची. होड्या सैरावैरा मधल्या धारेकडं पळायच्या आणि मी पदर खोचून पायऱ्या चढायची. वळसंगला आई म्हणायची, तुझ्या अंगाला मासळीचा वास यायलाय. मला ते कौतुक वाटायचं.

आणि मग तुम्ही रिटायर झालात आणि म्हणालात, चल घरी.

आपलं सगळ्यात मोठं भांडण ते. अजून मिटलेलं नाही, म्हणून आज इथंच पुढं चालवते. तुमचं म्हणणं, पोट भरायला आलो होतो, पोट भरलं, आता आपल्या मातीत जायचं. माझं म्हणणं, मातीत सगळ्यांना जायचंच आहे, एवढी घाई कशाला? तुम्ही म्हणालात, "माझी हाडं सोलापूरची हायेत."

"हाडं कुटंबी ऱ्हात्यात. जित्या मानसाचं काय?"

मालतीबौदींना पंच नेमलं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, चहा केला आणि निकाल दिला की गौतमदादांचं चुकतंय. तुम्ही निकाल मानला नाही. म्हणालात, पंच फितूर हाय.

हावड्याहून निघाल्यावर मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उतरायचा आणि माझ्यासाठी चहा घेऊन यायचा. मी प्यायची, पण बोलायची नाही. नागपूरच्या पुढं तुम्ही कंटाळून म्हणालात, "बोलू नको, पर कप तरी परत दे." मी खिडकीकडं तोंड करून हसले. ते तुम्हाला काचेत दिसलं असणार, कारण पुढच्या स्टेशनाला भजी आली.

सोलापुरात आलो आणि गंमत झाली. मी रमले. शेजारपाजार, बहिणी, आपली भाषा, कडक भाकरी. 'आलंय की' म्हटलं की समोरच्याला कळायचं. बिघडलात तुम्ही. पाणी काही दिवसांआड यायचं, तर नळ सुटला की हातातलं सोडून पिंपाशी जाऊन उभे राहायचा. भरायला नव्हे, नुसतं बघायला. संध्याकाळी फिरायला म्हणून तलावावर जायचा आणि तोंड पाडून यायचा. एकदा मी विचारलं, काय झालं?

"पानी हुबंच हाय," तुम्ही म्हणालात. "कुटं जात न्हाई, कुटनं येत न्हाई."

'बघा, मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य दातांमागं अडवून धरलं होतं. तेवढ्याबद्दल तरी मला शाबासकी द्या.

मग तुमच्या छातीत कळ आली, डॉक्टरांनी नळीत स्प्रिंग बसवली आणि सांगितलं, जड काम बंद. तुम्ही खुर्चीत बसायला लागलात. खुर्चीतल्या तुम्हाला मी ओळखत नव्हते.

नशीब की माझी बहीण रुक्मिणी जेऊरच्या पुढं, उजनी धरणाचं पाणी पसरलंय त्या काठच्या गावात दिलीय. तिच्या नातवाच्या बारशाला गेलो तर गावची नाव काठावर पालथी पडलेली. पत्र्याची, बुडाला चिंध्या कोंबलेल्या. पलीकडच्या काठावर बाजार, दवाखाना, शाळा, आणि पाण्यावरून जायला हीच एक. बायका पोरांना घेऊन बसायच्या आणि वाटभर डब्यानं पाणी उपसत जायच्या. तुम्ही बारशातून उठून गेलात. शोधायला आले तर नावेच्या बुडावरून हात फिरवत होता, जहाजाच्या पत्र्यावरून फिरवायचा तसाच.

"हिला डागडुजी करून भागनार न्हाई," म्हणालात. "नवीनच करावी लागंल."

सुजाता फोनवर माझ्यावर ओरडली. "आई, डॉक्टर काय म्हणालेत विसरलीस? थांबव त्यांना."

मी म्हटलं, "थांबलेला मानूस बगवत न्हाई मला, सुजा. चालू दे."

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला वाटायचं, लेकीनं परवानगी दिली.

तो हिवाळा! अहो, सगळ्या आयुष्यातला एक तुकडा परत मिळणार असेल तर मी तोच मागेन. गावानं पत्रा आणून दिला. जेऊरच्या मुनीरभाईंनी वेल्डिंग मशीन आणलं. ट्रॉल्या आणि नांगर जोडण्यात त्यांची हयात गेलेली. पहिल्या दिवसापासून तुमचं त्यांच्याशी जुंपलं. तुम्ही बसून सांगायचं आणि त्यांनी जोडायचं, असं ठरलं होतं. पण तुम्ही गप्प बसाल तर ना.

"मुनीरभाई, सांधा घाईत घेताय."

"तात्या, मैं ट्रॉली जोडतूं तो बीस साल नै टूटती!"

"ट्रॉलीच्या खाली रस्ता असतोय. हिच्या खाली तळ न्हाई."

ह्यावर मुनीरभाई खरंच थांबले, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "ये बात सही है." पण दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढचं टोक नको तेवढं उभं घेतलंत. इथल्या उथळ काठाला ते लागणार नाही, बायकांना चढता येणार नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. "तात्या, ये कलकत्ता नै. हितं काठ चिखलाचाय." तुम्ही तोंड वाकडं केलंत आणि मग टोक कापून नीट केलंत. संध्याकाळी दोघं एकाच ताटात हुरडा खात होता.

सांधे तपासायला तुम्ही आतून खडूची भुकटी फासली आणि बाहेरून रॉकेल लावलं. गाव गोळा झालं. खडू ओला दिसला तर तिथं फट. आम्ही सगळे आत वाकून बघत होतो, आणि पांढरा पत्रा पांढराच राहिला. एके ठिकाणी मात्र बोटाएवढा डाग उमटला. मुनीरभाई म्हणाले, तुमचाय. तुम्ही म्हणालात, तुमचाय. तो तुमचाच होता, मी बघितलं होतं. पण मी मुनीरभाईंचं नाव घेतलं. ते माझ्याकडं बघून मिशीत हसले आणि त्यांनी तो गुमान जोडला. देव माणूस.

लोक म्हणाले, ट्रॅक्टरनं ढकलून देऊ पाण्यात. तुम्ही भडकलात. नाव ढकलत नसतात, सोडत असतात! दोन लांब वासे उतारावर टाकले, त्यांना ग्रीस आणि साबण चोपडला, पाचरी लावल्या. सगळं तसंच, फक्त लहान. सुजाता पुण्याहून रागावूनच आली होती. तुमच्या हातात हातोडा बघून बोलायला निघाली आणि तुमच्या तोंडाकडं बघून बायकांमधे जाऊन उभी राहिली.

नारळ माझ्या हातात दिलात. बायका ओरडल्या, नाव घ्या, नाव घ्या! म्हणजे तुमचं. एवढ्या संसारात मी तुम्हाला 'अहो'च्या पलीकडं काही म्हटलं नव्हतं. मला उखाणे येत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी कसं कोण जाणे, आलं:

"दूर तिकडं हुगळीवर भरतीची लाट,
गौतमरावांच्या नावंनं धरली उजनीची वाट!"

तुम्ही पाचर ठोकायचं विसरून माझ्याकडं बघत राहिलात. म्हातारे झाला होता, केस पांढरे, स्वेटर उसवलेला, आणि लाजलात. मुनीरभाईंनी "ओ तात्या, ठोको!" म्हणून हाक दिली तेव्हा भानावर आलात. नाव घसरली, पाण्यावर बसली, डुलली आणि सरळ झाली. पहिल्या फेरीत बायकाच बसल्या. कुणाच्याच हातात पाणी उपसायचा डबा नव्हता.

त्या संध्याकाळी काठावर बसून तुम्ही म्हणालात, "सप्टेंबरात कलकत्त्याला जाऊन येऊ. पूजेला. तुझ्या फितूर पंचाला भेटून येऊ." मी लगेच हो म्हटलं.

तुम्ही गेलात त्या दुपारी आमटीभात जेवलात, मला मीठ कमी पडल्याचं सांगितलंत आणि पडतो जरा म्हणालात. एवढंच. ओरडा नाही, धावपळ नाही. शेवटचं बोलणं मिठाबद्दल झालं म्हणून सुजाताला वाईट वाटतं. मला नाही वाटत. मीठ खरंच कमी होतं. उजनीकाठची बरीच माणसं त्याच नावेतून पाणी ओलांडून, जेऊरला गाडी धरून आली. मुनीरभाई कोपऱ्यात उभे होते. जाताना म्हणाले, "भाबी, अब झगडूं किसके साथ?" तेव्हा मात्र मी रडले.

कलकत्त्याची तिकिटं काढलेली होती. सुजाता म्हणाली, रद्द करूया. मी म्हटलं, तू चल माझ्याबरोबर.

जाऊन आलो. तेही सांगायचंय. हावड्याहून लाँचनं निघालो तेव्हा सुजाता कठड्याला टेकून लहान पोरीसारखी बघत होती. नदीवर नवे पूल आहेत, पण पाणी तेच, भुरं, घाईत. चाळीच्या जागी मोठी इमारत झालीय. मालतीबौदी लेकाकडं राहतात, काठी घेऊन चालतात. मला बघितल्याबरोबर त्यांनी हाताला लागेल ते स्टीलचं भांडं उचललं आणि वाजवलं. मग आम्ही दोघी गळ्यात पडलो. आभाळात पतंग होते. यार्डाच्या भिंतीवरून एका जहाजाचं टोक दिसत होतं, रंग न लावलेलं, लालसर. कुणाकुणाचे सांधे असतील त्यात.

संध्याकाळी बौदींना धरून घाटावर नेलं. पायरीवर एक बाई मुरमुरे विकत बसली होती. माझं बंगाली ऐकून तिला काय वाटलं कोण जाणे, पुडी देता देता तिनं विचारलं, "माशी, आपनार बाडी कोथाय?" मावशी, तुमचं घर कुठलं?

अहो, ह्या प्रश्नाचं उत्तर मी कितीक वर्षं तयार ठेवलं होतं. तुमच्याशी भांडताना ते मी हजारदा दिलं होतं. बौदी माझ्याकडं बघत होत्या, सुजाता बघत होती.

"सोलापूर," मी म्हटलं.

विचार न करता, जसं काही दुसरं उत्तर नव्हतंच. जिथं मुनीरभाई भांडायला माणूस शोधतायत, जिथं बायका कोरड्या पायांनी बाजाराला जातायत, जिथं तुम्ही मीठ मागितलंत, ते.

बौदींनी काठी पायरीवर आपटली. "हेरे गेले तो!" हरलीस की गं! आणि इतक्या हसल्या की मुरमुरे सांडले. मीही हसले. सुजाताला काही कळेना.

तर निकाल लागला. जिंकलात तुम्ही. हे तोंडावर सांगायचं राहून गेलं होतं.